चवसाहेबांचं उपाशी पोट

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांना सगळे चवसाहेब म्हणत. हुद्दा तपासनीसाचा, काम एकच. दर अर्ध्या तासाला भट्टीतून निघालेल्या मालातलं एक बिस्किट तोंडात टाकायचं आणि मान हलवायची. सव्वीस वर्षांत ती मान हलल्याशिवाय एकही खोका बाहेर गेला नव्हता. घरी मात्र ते चार घास खाऊन पानावरून उठत. आपलं खाणं चिमणीएवढं, असं चारचौघांत सांगत, आणि तेव्हाही शर्टाची बटणं जिवाच्या आकांतानं तग धरून असत.

त्यांच्या यकृतात चरबी निघाली तेव्हा सगळ्यात जास्त हळहळला तो मेहुणा. "भावजी, कधीपासून घेताय? एकदा बोलावलंही नाहीत," म्हणाला. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला हे फार लागलं. डॉक्टरीणबाईंनी समजूत काढली. न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते, ती राहिली की आत वण पडत जातात आणि यकृत कडक होतं. किती कडक, ते एक मशीन बरगड्यांवर टिचक्या मारून सांगतं. टोचणं नाही, कापणं नाही. आकडा बराच वर गेला, तर मात्र सुई घालून यकृताचा बारीकसा तुकडा काढून बघावा लागेल.

सुईचं नाव ऐकताच चवसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली. रक्त तपासायलासुद्धा ते बायकोचा हात धरून बसत.

तपासणीआधी तीन तास काही खायचं नाही, असं मशीनवालीनं बजावलं होतं. सकाळपाळी संपवून ते तसेच दवाखान्यात आले. उपाशी आहात ना, असं तिनं विचारल्यावर सकाळपासून अन्नाचा कण पोटात नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आकडा आला साडेअकरा. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि पुढच्या आठवड्यात सुईचं करून टाकू म्हणाल्या.

चवसाहेबांनी दवाखान्यात येऊन थांबलेल्या बायकोचा हात धरला. बायकोनं त्यांचा घाम पुसायला पदर वर नेला आणि ती थबकली.

"उपाशी होतात ना? मग मिशीत हा चुरा कसला?"

"तो कामाचा. चाखलं, खाल्लं कुठे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शेवटच्या तीन तासांत किती चाखलीत?"

"रोज सहा असतात," चवसाहेब म्हणाले. "आज आठ. क्रीमचं आलं की दोनदा बघावं लागतं."

पोटात काही गेलं की यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि आकडा फुगतो, हे बाईंनी शांतपणे सांगितलं. बिस्किट ड्यूटीवर खाल्लंय की घरी, हे मशीनला कळत नाही, असंही सांगितलं. सुई तूर्त थांबली.

पुढची तपासणी सुट्टीच्या दिवशी झाली. बायको सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. आकडा आला पावणेआठ. सुईची गरज उरली नव्हती. पण चरबी होती तिथेच होती आणि ती हटली नाही तर हाच आकडा पुढे खरोखरीचा वर जाईल, असं बाईंनी स्पष्ट केलं. बिस्किटं बंद, ड्यूटीवरचीसुद्धा.

चवसाहेबांनी बदलीचा अर्ज दिला आणि पॅकिंगमध्ये गेले. मॅनेजरनं कारखान्याची जीभ गेली म्हणून कपाळाला हात लावला. आठवडाभरात भट्टीवाला गरम बिस्किट घेऊन धावत आला. नव्या तपासनीसाला काही ठरवता येईना. चवसाहेबांनी बिस्किट नाकाशी धरलं, कानाजवळ नेऊन मोडलं आणि म्हणाले, "मिनिटभर जास्त भाजलंय. साखरही कमी आहे, रंग बघ."

"चाखून तर बघा."

"कशाला? दिसतंय की."

भट्टीवाल्यानं जाऊन खात्री करून घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. परत येऊन त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, मग सव्वीस वर्षं खात कशाला होतात?"

चवसाहेबांनी खोक्यावर चिकटपट्टी मारायला घेतली. ती तीनदा वाकडी लागली.