रिकाम्या खुर्च्यांचे सेक्रेटरी

मालाड पूर्वेच्या आमच्या चार मजली सोसायटीचा कारभार एके काळी तब्बल नऊ वर्षं रिकाम्या खुर्च्यांनी एकमताने चालवला, आणि त्या खुर्च्यांशी इतका प्रामाणिक राहिलेला माणूस आमच्या सेक्रेटरींखेरीज अख्ख्या उपनगरात सापडणार नाही, हे मी आधीच स्पष्ट लिहून टाकतो. फोर्टातल्या एका विमा कचेरीत दिवसभर फायली उपसायच्या आणि घरी येऊन बुशशर्टही न बदलता सोसायटीच्या फायली उपसायच्या, हा त्यांचा आराम. पगार नाही, मान नाही, आणि चोवीस बिऱ्हाडांच्या शिव्या मात्र घरपोच. पहाटे पाणी येण्याआधी बॅटरी घेऊन ते टाकीत डोकावणार, कामावर जाताना प्रत्येक मजल्यावरच्या पाइपावर बोटाच्या पेराने टकटक करणार आणि डॉक्टरने छाती तपासावी तसा कान लावून म्हणणार, "तिसऱ्या मजल्यावर हवा धरलीय." स्वतःच्या मुलीचं लग्न त्यांनी आमच्याच आवारात लावलं. त्यासाठी मांडव घालायची परवानगी त्यांनी स्वतःकडेच अर्ज करून मागितली आणि स्वतःच, चार अटी घालून, दिली. मंगलाष्टकं रंगात आलेली असताना वरून टाकी वाहायला लागल्याचा आवाज आला, तर हे मुठीतल्या अक्षतांसकट पंप बंद करायला पळाले आणि शेवटच्या 'सावधान'ला धापा टाकत हजर. एकदा त्यांच्या सौभाग्यवतींनी गॅलरीतून ओलं गोणपाट बाहेर वाळत टाकलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घराला रीतसर नोटीस बजावली, तीही दाराच्या फटीतून आत सरकवून. आतून आवाज आला, "उत्तर लेखी हवंय की लाटण्याने?" त्यावर सेक्रेटरी जिन्यात उभे राहून म्हणाले, "लेखी. सात दिवसांत."

तर या खुर्च्यांचं प्रकरण. सोसायटीची सर्वसाधारण सभा भरायला ठरावीक सभासद हजर असावे लागतात, त्याला म्हणतात कोरम. आमच्या सभेला तो कधी म्हणजे कधीच भरत नसे. सेक्रेटरी गच्चीवर भाड्याच्या खुर्च्या ओळीने मांडत, समोर टेबल, टेबलावर तांब्या, आणि वाट बघत बसत. सोबतीला अध्यक्ष, म्हणजे पहिल्या मजल्यावरचे नाना, ज्यांना गच्चीवरची हवा मानवायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. वेळ झाली की सेक्रेटरी जाहीर करत, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब." आता नियम असा, की अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा कोरम लागत नाही, जे कुणी हजर असतील ते ठरवतील ते सगळ्या सोसायटीला बंधनकारक. पण 'तहकूब' या शब्दाचा अर्थ आमच्या चोवीसही घरांनी 'रद्द' असाच घेतलेला. जिन्यात कुणी विचारलं, सभेचं काय झालं, तर "तहकूब झाली, चला, सुटलो." टाकीची दुरुस्ती, रंगाचा ठेका, वॉचमनची नेमणूक, सगळं नऊ वर्षं सेक्रेटरी, झोपलेले नाना आणि खुर्च्या यांच्या संमतीने पार पडलं.

मी त्या वेळी कॉलेज अर्धवट टाकून नुकताच चळवळीत शिरलो होतो. आठवड्याला एक पत्रक लिहिल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. वडील गेल्यावर घर माझ्या नावावर झालं, मी सभासद झालो, आणि पहिल्याच महिन्यात 'रिकाम्या खुर्च्यांची हुकूमशाही' असं पत्रक काढून घरोघर वाटलं. लोकशाहीचा खून, मूठभरांची मक्तेदारी, असं सगळं त्यात होतं. मूठभर म्हणजे दीड माणूस, हे तेव्हा सुचलं नाही. सेक्रेटरींनी ते जिन्यात उभं राहून, चष्मा कपाळावरून खाली ओढून शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "मजकूर झकास आहे रे. पण खाली तारीख नाही. बिनतारखेच्या कागदाला मी घाबरत नाही." मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अरे, मलाच कुठे हव्यात रिकाम्या खुर्च्या? एकदा, फक्त एकदा, सगळे आलेत असं बघायचंय. मग मरायला मोकळा." मी ते ढोंग समजलो.

सगळे आले. पण कशासाठी आले ते सांगताना आजही माझी कानशिलं तापतात. तळमजल्यावरच्या आजींना घर विकून मुलाकडे नाशिकला जायचं होतं. त्यांनी घर द्यायचं ठरवलं कांबळे नावाच्या जोडप्याला. तो बस डेपोत मेकॅनिक, ती बालवाडीत शिकवायची. दोन मुलं, आणि ज्या भाड्याच्या खोलीत राहत होते तिचा मालक रोज दारात उभा. कांबळ्यांचा सभासदत्वाचा अर्ज सभेपुढे यायचा होता. कांबळे बौद्ध आहेत हे कळल्यावर आमचे खजिनदार, दुसऱ्या मजल्यावरचे, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या दाराची बेल स्वखुशीने वाजवली नव्हती, ते घरोघर फिरले. उघड कुणी काही बोलत नव्हतं. "आमचं काही नाही हो, पण वातावरण असतं ना एक." "आम्ही नाही मानत, पण आमची आई अजून आहे." "उद्या आपल्याला विकायचं झालं तर भाव येईल का?" गिरणीत घाम गाळून ज्यांच्या बापांनी ही घरं घेतली, चाळीच्या एका खोलीत दहा-दहा जणांत ज्यांनी दिवस काढले, त्यांची ही भाषा! मी त्याच रात्री भाषण लिहायला घेतलं. चौदा पानांचं झालं.

रविवारी पाचला मी गच्चीवर गेलो तर खुर्च्या कमी पडलेल्या. बायका लेंग्यातल्या नवऱ्यांना पुढे घालून आलेल्या, कठड्यावर माणसं टेकलेली. आणि आमचे सेक्रेटरी! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि चेहरा असा की याला आता कुणीतरी हार घालणार आहे. त्यांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. नानांना हलवून म्हणाले, "नाना, कोरम! पुरेपूर!" मला वाटलं, या माणसाला याच दिवसाची भूक होती. आता हा आनंदाच्या भरात मतदान घेणार आणि खाली आजींच्या घरात पोरांना घेऊन बसलेल्या कांबळ्यांची वाट लागणार.

खजिनदार उठले. "विषय एकच आहे. हात वर करून घ्या मतं आणि मोकळे करा."

"आधी मागील सभेचा वृत्तान्त," सेक्रेटरी म्हणाले. "वाचून कायम करायला हवा. नियम आहे."

"वाचला असं समजा की हो!"

"समजता येत नाही. सभासद पहिल्यांदाच आलेत."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबत. गंमत अशी, की हा वृत्तान्त कुणी कधी ऐकलाच नव्हता. गच्चीवर पापड वाळत घालण्याचे वार ठरलेत, हे तिथे लोकांना पहिल्यांदा कळलं. "आमच्या वाट्याला मंगळवार? कुणी ठरवलं?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उसळल्या. "तुमचे पापड आमच्या दोरीखाली का म्हणून?" चौथा मजला. मग कबुतरं निघाली, मग कुणाच्या कुंडीचं पाणी कुणाच्या गादीवर पडलं ते निघालं. सेक्रेटरी प्रत्येकाचं म्हणणं नोंदवून घेत होते. "सावकाश बोला. शब्दशः लिहितोय." खजिनदार "विषयाला या, विषयाला या" म्हणून ओरडत होते, पण पापडांपुढे त्यांचं कोण ऐकतो?

तेवढ्यात खालून खजिनदारांच्या मिसेसनी हाक मारली, "अहो, सिनेमा लागतोय! टीव्हीच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे!" इमारतीतला एकमेव कलर टीव्ही खजिनदारांचा. रविवारचा सिनेमा निम्मी इमारत त्यांच्याच घरात बघायची. आधी पोरं उठली, मग पोरांना आणायला आया, मग आयांना बोलवायला बाप. खजिनदार किल्ली चाचपत उभे राहिले. सेक्रेटरींनी वही मिटली. त्या मोकळ्या होत चाललेल्या ओळींकडे त्यांनी जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. मुलीच्या पाठवणीला सुद्धा हा माणूस असा दिसला नव्हता. त्यांनी डोकी मोजली.

"कोरम तुटला. सभा अर्धा तास तहकूब."

"चला, तहकूब," खजिनदार हुश्श करत म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू." आणि गेले.

उरलो सेक्रेटरी, नाना, मी आणि आजी. मला प्रकार कळला आणि मी भडकलो. "काका, ही पळवाट आहे. त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं, तुम्ही जातीयवादी आहात म्हणून! माझं भाषण तयार आहे."

सेक्रेटरी रागावले की सरळ मालवणीवर येत. "गप रव मेल्या. हात वर झाले असते तर किती पडले असते आपल्याकडे? तू नि मी. नाना झोपलेले. तुका जिंकूचा हा की भाषण करूचा हा?"

मी भाषणाची पानं घडी करून खिशात टाकली आणि विचारलं, "पण तुम्हाला मनातून पटतंय ना? कांबळ्यांचं?"

ते तांब्यातलं पाणी प्यायले. "खोटं नाही सांगत. माझी आई असती तर तिने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं. आणि मी तिला काही बोललो नसतो." तांब्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पण अर्जात खोट नाही रे. एक खोट दाखव, मी नामंजूर करतो."

अर्धा तास पुरा झाल्यावर सभा पुन्हा भरली. आजी उत्साहाने हात वर करायला लागल्या तर त्यांना अडवलं, "आजी, तुम्ही विकणाऱ्या. तुम्हाला या विषयावर मत नाही." आजी म्हणाल्या, "मग बघते तरी." मी सूचना मांडली, सेक्रेटरींनी अनुमोदन दिलं, नानांना जागं करून विचारलं. नाना म्हणाले, "चांगली माणसं आहेत का?" मी म्हटलं, हो. "मग एवढा वेळ काय करत होता?" अर्ज मंजूर. आजी गुडघ्यांवर हात ठेवत सगळे जिने खाली उतरल्या, सांगायला.

पुढचं लिहायला मला आवडत नाही. सिनेमा संपल्यावर इमारतीला तहकुबीचा खरा अर्थ समजला आणि रातोरात सगळे नियमाचे भोक्ते झाले. महिन्याभरात खास सभा बोलावून सेक्रेटरींना काढण्याचा ठराव आला. त्या सभेलाही कोरम पुरेपूर. खजिनदार बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी खाली मान घालून लिहीत होते, मध्येच वर बघून म्हणाले, "अनुमोदक कोण? नाव सांगा, नाहीतर ठराव पडेल." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "अरे, कोणीतरी व्हा ना," ते अगदी काकुळतीने म्हणाले, "अर्धवट ठराव चांगला दिसत नाही." शेवटी पापडवाल्या काकू झाल्या. विरोधात हात तीन: माझा, नानांचा, आणि मागच्या ओळीत अवघडून उभ्या असलेल्या कांबळ्यांचा. त्यांची ही पहिलीच सभा. सेक्रेटरींनी तिन्ही नावं लिहिली, खाली सही केली, तारीख घातली आणि टाकीच्या खोलीची किल्ली खजिनदारांपुढे ठेवली.

मी पत्रक काढणार होतो. मथळाही ठरला होता. त्यांनी काढू दिलं नाही. "माझ्यावर नको लिहूस. मला जिन्यातून जायचंय अजून."

नंतरच्या रविवारी संध्याकाळी मी कांबळ्यांकडे बसलो होतो, तर दारातून ते जाताना दिसले. सवयीने पाइपावर पेर वाजवलं आणि हात झटकन मागे घेतला. कांबळेवहिनी म्हणाल्या, "काका, या ना. चहा टाकलाय."

"नको, सेक्रेटरीने कुणाकडे चहा घ्यायचा नसतो. घेतला की उद्या त्याच्या घरची तक्रार लिहिताना हात अडतो," ते म्हणाले आणि तिथेच थांबले. चपला काढाव्यात की नाही याचा विचार करत असावेत. मग काढल्या.

बशीत ओतून चहा पीत ते खोलीभर बघत राहिले. भिंतीवरची तसबीर, त्यावरचा निळा कागदी हार, खिडकीत पोरांची पाटी-दप्तरं, कोपऱ्यात घडी घातलेल्या गाद्या. या इमारतीचा प्रत्येक पाइप, प्रत्येक भेग त्यांना पाठ होती. बऱ्याच वेळाने बशी खाली ठेवून ते मला म्हणाले, "आतून अशी असतात होय रे आपली घरं?"