दिवाळीच्या तोंडावर काढलेली मिशी

चहा घ्या, निवेल. आणि हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगताना मला अजून घाम फुटतो. मी बी. ए. झालेला, तर्कशास्त्रात पहिला आलेला, तीस वर्षं शाळा चालवून पेन्शनीत निघालेला माणूस. या माणसाने ऐन दिवाळीत आपल्या सख्ख्या, धडधाकट थोरल्या भावाला मारलं. शस्त्र म्हणाल तर वस्तरा.

त्याचं असं झालं. दिवाळी जवळ आली की मला उदास वाटतं. का, ते विचारू नका. मी स्वतःला चाळीस वर्षं विचारतो आहे. गल्लीत करंज्या तळल्याचा वास सुटला की लोकांना भूक लागते, मला हुरहूर लागते. त्या वर्षी तर कारणही होतं. आमच्या एकुलत्या यमूचं लग्न वैशाखात झालं होतं. ती डोंबिवलीला सासरी, आम्ही दोघं ठाण्यात. पहिल्या दिवाळसणाला ती जावयासह येणार, एवढ्या आशेवर मी दिवस काढत होतो. पण येईल ना? लग्नातलं आमचं काही व्याह्यांच्या मनाला लागलं नसेल ना? या काळज्यांनी ते दिवसही सरकत नव्हते.

धनत्रयोदशीला सकाळी हिने मला झोपाळ्यावरून उठवलं. ‘लोक समया घासताहेत, तुम्ही निदान तोंड तरी धुवा,’ असं म्हणून ती शेजारी अनारशांना हात लावायला गेली.

आता, एका इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकात मी वाचलं होतं की खिन्न माणसाने आपल्या टापटिपीकडे लक्ष द्यावं. न्हावी सणाच्या गर्दीत अडकलेला. मी आरसा खिडकीत टेकवला आणि मिशी नीट करायला घेतली. उजवी बाजू जरा मोठी वाटली. ती कमी केली. मग डावी मोठी वाटली. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सही केल्यावरसुद्धा नाव आपलंच आहे ना, हे मी तीनदा वाचून पाहतो. दोन्ही बाजू अखेर अगदी सारख्या झाल्या, तेव्हा कोणत्याच बाजूला काही उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आपल्यात मिशी कधी काढतात हे या गृहस्थाला माहीत नव्हतं? माहीत होतं. आईवडील गेले की काढतात, नाहीतर ज्याचं क्रियाकर्म करायला आपल्याशिवाय कोणी नाही असा माणूस गेला की काढतात. आमचे आईवडील जाऊन वीस वर्षं झालेली. कल्याणचे दादा, माझे थोरले बंधू, त्यांना मूलबाळ नाही. म्हणजे माझा गुळगुळीत ओठ पाहून शहाण्या माणसाने एकच निष्कर्ष काढायचा. पण आरशासमोर मला सुचलं ते एवढंच, की नाक फार मोठं दिसतं आहे.

इतक्यात समोरचे गोपाळराव पंचांग मागायला आले. माझ्याकडे पाहून दारात थबकले. मग जोडा काढून माझ्याजवळ येऊन बसले.

‘नाना,’ ते हळूच म्हणाले, ‘ऐन सणात हे.’

‘सणातच होतं हो. दरवर्षी.’

ते जरा चमकले. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी.

‘मन घट्ट करा. आपल्या हातात काय आहे?’

‘तेच तर. काढे झाले, तळ्याला रोज फेऱ्या झाल्या. उपयोग नाही.’

‘म्हणजे बरेच दिवस चाललं होतं?’

‘दसऱ्यापासून. कुणाला बोललो नाही इतकंच.’

माझ्या मनाची एवढी विचारपूस आजवर कोणी केली नव्हती. माझे डोळे भरून आले. ते पाहून त्यांचेही आले. मी शंकरपाळ्यांची बशी पुढे केली, तर ते दचकून मागे सरले. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

‘यमूला कळवलंत?’

‘तिला कशाला? सणासुदीला पोरीच्या जिवाला घोर.’

‘असं कसं चालेल, नाना? माझे मेहुणे आत्ताच्या गाडीने डोंबिवलीलाच निघालेत. त्यांच्याबरोबर निरोप देतो.’

मी तोंडाने नको नको म्हटलं आणि मनात म्हटलं, बरं झालं. बाप खंगला आहे हे कळलं तर पोर यायची राहणार नाही.

ते गेले आणि ही आली. हातात अनारशांचं ताट. मला पाहिलं आणि मटकन उंबऱ्यावर बसली.

‘अहो, कधी गेले भाऊजी?’

‘कुठे गेले?’ मी विचारलं.

बायकोच ती, दोन मिनिटांत तिला सगळा प्रकार उमगला. मग तिने विचारलं, गोपाळराव कशाला आले होते. मी झालेलं बोलणं शब्दशः सांगितलं. वाटलं, हिलाही गहिवर येईल.

‘अहो, त्यांनी भाऊजींना चितेवर ठेवलं आणि तुम्ही मान डोलावलीत. सुतकाच्या घरी दिवाळसण होतो का? आता कोण पाठवतंय पोरीला?’

सहा महिने ज्या एका सणाची वाट पाहिली, तो मी स्वतःच्या हाताने भादरला होता.

मी एकटा डोंबिवलीला जाऊन उपयोग नव्हता. या तोंडाने ‘कोणी गेलं नाही’ म्हटलं तर कोण ऐकणार? पुरावा हवा होता. पुरावा कल्याणला राहत होता.

पुढची गाडी पकडली. कल्याणला दादा ओटीवर चकली खात बसले होते. मला पाहताच त्यांचा हात थांबला.

‘विष्णू, कोण गेलं?’

‘तुम्ही.’

दादांनी चकलीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘मग आता मला कुठे यायचं आहे?’

वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. अधूनमधून त्यांचं पोट हलत होतं.

डोंबिवलीला व्याह्यांच्या अंगणात शिरलो तर आतून यमूच्या हुंदक्यांचा आवाज. व्याही पायरीवर आले, दादांना पाहिलं आणि एक पायरी मागे चढले.

‘पाय बघा,’ दादा म्हणाले, ‘सरळ आहेत.’

‘पण मग मास्तरांची मिशी?’

दादांनी माझ्याकडे पाहिलं. सांगणं भाग होतं. ‘दोन्ही बाजू सारख्या करत होतो,’ मी म्हणालो.

दाराआडून विहीणबाईंनी विचारलं, ‘सगळी?’

‘होय.’

व्याह्यांनी पुष्कळ विचार केला. ‘सुतक नाही, म्हणजे सण होईल. जावई ठरल्याप्रमाणे उद्या येतील. पण सूनबाईंना तुम्ही आजच घेऊन जा. सणासाठी नव्हे हो. तुमच्याजवळ घरातलं आणखी कोणीतरी असावं, म्हणून.’

यमूचं बोचकं दोन मिनिटांत बांधून झालं. दादाही आमच्याबरोबर ठाण्यालाच निघाले. गोपाळरावांना दाखवायला हवे होते.

स्टेशनावर बाकावर एक भाजीवाली म्हातारी बसली होती. माझा ओठ पाहून तिने टोपली सरकवून जागा दिली आणि यमूला हळूच विचारलं, ‘कोन गेलं गो बाय?’

‘कोणी नाही, आजी,’ यमू सुजलेल्या डोळ्यांनी हसत म्हणाली. ‘बाबांनी आपलं आपणच केलं.’

म्हातारी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग दादांकडे वळून म्हणाली, ‘हात सोडू नका हो त्यांचा.’

दोघांनीही ते मनावर घेतलं. एक हात दादांनी धरला, एक यमूने. आणि माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या देखत ठाण्याच्या फलाटावर मी तसाच उतरलो.