आक्का जहाजावर चढल्या

"काकू, आई गेली..." निपाणीहून बाहुबलीचा फोन आला तेव्हा मी बेळगावात भाजी चिरत बसले होते. त्याची आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सगळ्यांच्या आक्का. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन करून आल्या, खुर्चीत टेकल्या आणि तशाच राहिल्या. दीड महिना झाला.

नवी सून म्हणून निपाणीच्या घरात आले, तेव्हा तंबाखूच्या उग्र वासानं मला ठसका लागायचा. आक्का हसायच्या आणि हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. माझ्या अश्विनीला न्हाऊमाखू त्यांनीच घातलं. त्यांना स्वतःला मुलगी नव्हती. पण अश्विनीनं जैन नसलेल्या मुलाशी लग्न ठरवलं आणि आक्का लग्नाला आल्या नाहीत. अक्षता पडेपर्यंत मी दाराकडे बघत होते... त्यानंतर सात वर्षं आम्ही जावा एकमेकींशी बोललो नाही. भाऊ-भाऊ बोलायचे, आम्ही नाही.

मग बाहुबलीनं गिरनारच्या यात्रेची बस ठरवली आणि मुद्दाम आम्हाला शेजारशेजारच्या सीट दिल्या. तीन दिवस माझ्या "खिडकी लावा" यापलीकडे शब्द नाही. गिरनार करून बस कच्छमधल्या मांडवीला गेली. फार जुनं बंदर. नदीकाठी अजून लाकडी जहाजं बांधतात, एकेक सांगाडा तीन मजली घराएवढा. मंडळी समुद्रावर गेली. गुडघे दुखतात म्हणून आक्का मागं राहिल्या, आणि त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी.

आक्कांचं लक्ष एका जहाजाला लावलेल्या शिडीकडे. म्हाताऱ्या सुताराला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं आणि त्या चढायलाच लागल्या.

"आक्का, पडाल!"

"तू हाईस की मागं."

सात वर्षांनी मला उद्देशून काहीतरी बोलल्या. त्यांच्या कमरेला हाताचा आधार देत मीही वर गेले. वर फळ्यांवर बसून दोघी धापा टाकत राहिलो. नदीच्या मुखापलीकडे समुद्र दिसत होता.

"पोरगी कशी हाय गं?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"मी आले न्हाय लग्नाला. लोकं काय म्हणतील, ह्येचंच भ्या. साडी घेऊन ठेवलती तिला... कपाटातच हाय." डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "फोन लाव."

मी पुण्याला फोन लावून दिला. त्यांनी तो कानाला धरला. म्हणाल्या, "जेवलीस काय गं?" संध्याकाळचे पाच वाजले होते. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या आक्कांची ती जेवायचीच वेळ. पलीकडून "मोठीआई..." एवढंच ऐकू आलं आणि मग दोघींचं रडणं.

त्या दिवाळीत लेक-जावई निपाणीला गेले. आक्कांनी जावयाला ओवाळलं, ती साडी अश्विनीला नेसवली आणि शेजारणींना हाका मारमारून दाखवली. अशी दोनच वर्षं मिळाली. मधली सात फुकट गेली, याचा सल मला आहे. मीही एकदा निपाणीची बस धरू शकले असते...

गेल्या आठवड्यात त्यांची खोली आवरायला गेले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, तर पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी पेनानं गोल केलेला आणि शेजारी कानडी अक्षरांत एकच शब्द: 'मगळु', म्हणजे लेक. शाळा कानडीत झालेली, त्यामुळे लिहायच्या कानडीतच. अश्विनी त्या दिवशी त्यांना भेटायला येणार होती.

"काकू, काढू काय हे?" बाहुबलीनं विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "आम्ही येणार आहोत."