तळ्याला ठोका मारणारा माणूस

माझ्या वडिलांना सगळं हॉटेल ‘ठोकेबाबा’ म्हणतं. हिवाळ्यात डोंगरातलं हे तळं गोठलं की पाहुण्यांना त्यावर सोडायचं की नाही, ते बाबाच ठरवतात. हातात लोखंडी टोकाची काठी. दहा पावलं चालायचं, एक ठोका मारायचा, कान द्यायचा. पातळ बर्फाचा आवाज वर चढतो. जाड बर्फ खर्जात घुमतो. “आवाज दातांपर्यंत आला पाहिजे!” असं बाबा सांगायचे आणि आम्ही हसायचो. मालकाने बर्फ मोजायचं यंत्र आणलं, तर म्हणाले, “ते एका भोकाचं सांगतं. दोन भोकांमधलं कोण सांगणार?” सव्वीस वर्षांत एकाचाही पाय ओला झाला नाही.

यंदा मात्र किटली शिट्टी मारून मारून थकली, तरी बाबा शेजारी बसून पेपर वाचत होते. मी हॉटेलात रिसेप्शनवर असते, माणसं ओळखण्याचाच पगार घेते. आणि बापाचं बहिरेपण कळायला मला दोन महिने लागले. स्वतःचीच लाज वाटली.

मोसमाचा पहिला दिवस. काठावर शंभर पाहुणे स्केट बांधून तयार. बाबा ठोके मारत आत गेले, परत आले आणि म्हणाले, “बंद.”

मालक भडकून ओरडला, “यंत्र तर ठीक म्हणतंय! आवाज कसा आला?”

“आलाच नाही. मला आता ऐकू येत नाही. म्हणजे बंद.”

शंभर लोकांदेखत बाबांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, माझ्या कानाकडे बोट दाखवलं. “चला. तुम्ही मारा, मी ऐकते.”

दहा पावलांवर त्यांनी ठोका मारला. आवाज पायाखालून निघाला, समोरच्या डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. माझे दात थरथरले. जन्मापासून या तळ्याच्या काठावर राहते, पाहुण्यांना रोज याचे फोटो काढून देते, आणि याच्या पोटात एवढं काही असेल हे मला माहीतच नव्हतं. मी आ वासून उभी राहिले. डोळे भरून आले.

तळं पुरं व्हायला दोन तास लागले. एका कोपऱ्यात आवाज चढला. मी हात वर केला, बाबांनी तिथे लाल झेंडा रोवला. बाकी सगळं उघडं, असं मी मालकाला सांगितलं.

बाबा मात्र काठी धरून तिथेच घुटमळत होते. मग लहान पोराने विचारावं तसं हळूच विचारलं, “अजून दातांपर्यंत येतो का गं?”

मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, “येतो, बाबा!”

काठावरच्या शंभरही जणांनी ऐकलं. बाबांनीही.