माडीवरचा रेडिओ आणि अक्काची ओवी

वालूरला सरकारनं गावासाठी म्हणून बॅटरीवर चालणारा रेडिओ दिला आणि सरपंचांनी तो स्वतःच्या माडीवर ठेवला. चावडीवर उंदीर फार आहेत, असं त्यांनी कारण सांगितलं. उंदीर त्यांच्या माडीवरही होते, पण ते बहुधा सरपंचांना विचारून कुरतडत असावेत.

आमच्या घराची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. मी नवी सून. थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणायचे, ती पहाटे दळताना ओव्या म्हणायची, आणि संध्याकाळी सरपंचीणबाई आम्हा दोघींना मागच्या दारानं आत घेऊन जिन्याखाली बसवायच्या. वरून जेवढं गाणं खाली झिरपेल तेवढं आमचं.

एके दिवशी जीपमधून रेडिओवाले साहेब आले. त्यांना गावातली कला हवी होती. सरपंचांनी आधी स्वतःचं भाषण भरून घेतलं. त्यात विकास बराच होता, कला शेवटच्या वाक्यात होती. मग अक्काला बोलावणं आलं.

साहेबांनी तिला लुगडं जुनं नेसायला लावलं. रेडिओवर लुगडं दिसत नाही, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. जातंही मागवलं, पण त्याची घरघर यंत्रात फार येते म्हणून ते न फिरवता नुसता खुंटा धरून बसायला सांगितलं. तरी त्यांची खरी अडचण अक्काच्या बोलण्याची होती. ती ‘आमी’ म्हणायची, त्यांना ‘आम्ही’ हवं होतं.

“अस्सल खेड्यातलं वाटलं पाहिजे,” ते म्हणाले, “पण शुद्ध पाहिजे.”

चार वेळा तिला थांबवलं. पाचव्यांदा तिनं पदर खोचला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि गळा मोकळा सोडला.

“सरकारनं धाडला रेडिव आम्हा साऱ्यांच्या कानाला,
सरपंचाच्या माडीत बाई, कुलूप त्याच्या तोंडाला.”

मी चटकन दाराकडं बघितलं. सरपंच बाहेर ड्रायव्हरला चहा पाजत होते. साहेबांनी मात्र कानावरची यंत्रं काढली आणि खूश होऊन मान हलवली. ‘आम्हा’ अगदी स्वच्छ आलं होतं. ही ओवी शंभर वर्षांपूर्वीची तरी असणार, असंही ते म्हणाले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी रेडिओ पहिल्यांदा माडीवरून खाली, अंगणात आला, कारण सरपंचांचं भाषण होतं. पुढं सतरंजीवर पुरुष, मागं भिंतीला टेकून आम्ही बायका. भाषण संपलं, आणि अक्काचा आवाज आला. पहिल्या ओळीला माणसं कौतुकानं मागं वळून बघायला लागली. दुसऱ्या ओळीला कडेला बसलेला एक म्हातारा कुणबी तोंडावर उपरणं धरून हसायला लागला आणि सगळं अंगण हसलं. सरपंच बटण बंद करायला धावले, पण घाईत उलटं फिरवलं, आणि अक्का दुप्पट मोठ्यानं गायला लागली.

दुसऱ्या दिवशी रेडिओ चावडीत गेला. गावानं अक्काला डोक्यावर घेतलं. पण चावडीवर बायकांनी बसायची रीत नव्हती आणि सरपंचीणबाईंचं मागचं दार आम्हाला बंद झालं. म्हणजे जिन्याखालचं होतं तेही गेलं. अक्का वरवर हसायची, पण संध्याकाळी सवयीनं भिंतीकडं कान देऊन बसायची ते मी बघत होते.

पुढं रेडिओवर कलेच्या बातम्यांत सांगितलं म्हणे, की वालूरच्या सरपंचांच्या पुढाकारानं लोककलेचं जतन झालं. गाणारीचं नाव नव्हतं. जतन म्हणजे काय, ते अक्कानं मला विचारलं. मी चौथी शिकलेली. जपून ठेवणं, असं सांगितलं.

वर्षभरानं तेच साहेब परत आले. अक्का सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिला स्वतःचा आवाज आणखी एकदा ऐकायचा होता. साहेब अवघडले. फीत महाग असते, म्हणून तिच्या आवाजावरच नंतर कापसावरच्या किडीची माहिती भरली होती, असं त्यांनी सांगितलं.

“बरं झालं,” अक्का म्हणाली. “किडीची तरी सोय लागली.”

आणि पाण्याची घागर उचलून ती घराकडं चालायला लागली. साहेबांनी तिला मागून हाक मारली, नवीन ओवी आहे का म्हणून. तिनं मागं वळून बघितलं नाही.