सूरच्या गच्चीवरचा मुका सिनेमा

या सदरातले अनुभव मी घरी जेवताना मोठ्याने वाचून दाखवतो आणि प्रत्येकाची यथेच्छ टिंगल करतो. बायको म्हणायची, "एक दिवस तुझ्यावरच लिहायची वेळ येईल." आली! मी मेकॅनिकल इंजिनियर, बरीच वर्षं मस्कतला, बौशरमध्ये राहतो. भूत-बित, आत्मा-बित असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं... आणि तेही माझ्या आईच्या तोंडून.

आधी आईबद्दल सांगायला हवं. आई पुण्याची, सत्तरी ओलांडलेली. दर हिवाळ्यात आमच्याकडे येते. तिच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा. "तो माळीच खुनी आहे बघ," असं सुरुवातीलाच सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. बहुतेक वेळा चुकते, पण त्याने तिचं काही अडत नाही.

तर मागच्या जानेवारीत माझ्या ऑफिसातल्या सलीमने आम्हाला सूर या ओमानच्या किनाऱ्यावरच्या गावी, त्याच्या घरी बोलावलं. मुलांची परीक्षा, म्हणून बायको थांबली. मी आणि आई गेलो. सलीम हिंदी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. बोलावण्यामागचा त्याचा हेतू त्याने मला आधीच सांगून ठेवला होता.

त्याचे वडील तरुणपणी वाळवंटातल्या तेल कंपनीच्या कॅम्पवर ड्रायव्हर होते. तिथले इंग्रज साहेब परत जाताना त्यांना एक प्रोजेक्टर आणि एकच सिनेमा देऊन गेले. महायुद्धानंतरचा, स्वस्तात उरकलेला कॉमेडी थ्रिलर. नाव कोणालाच माहीत नाही, कारण सुरुवातीची फिल्म फाटलेली. शेवटचं रीळ हरवलेलं. स्पीकर तर सलीमच्या जन्माआधीच जळाला. पण वडील हार मानणारे नव्हते. दर ईदला गच्चीवर चादर बांधायची, सिनेमा लावायचा, आणि प्रोजेक्टरशेजारी उभं राहून सगळ्या पात्रांचे संवाद स्वतःच्या मनाने, अरबीत म्हणायचे. गल्ली लोटायची म्हणे! तीन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून सलीमची आई गच्चीवर चढलेली नाही, आणि घरात कोणी तिला हसताना पाहिलेलं नाही.

"मेहमान ऊपर बैठेगा तो अम्मी को आना ही पड़ेगा," सलीम म्हणाला. "बस, एक बार हँस दे."

त्याचा हिशोब बरोबर होता. पाहुण्यांना एकटं सोडणं त्या घराच्या रीतीत बसतच नाही. कॉफी, खजूर, हलवा झाला. दोघी आयांनी एकही शब्द सामाईक नसताना गुडघेदुखीवर तासभर चर्चा केली. दिवस मावळताना आम्ही गच्चीवर गेलो, आणि सलीमची आईही आली. पण आली ती दाराजवळ, चादरीकडे पाठ करून बसली. सलीमचा चेहरा पडला. तरी त्याने प्रोजेक्टर सुरू केला.

सिनेमा काय वर्णावा! हॉटेलच्या भिंतीवर जे चित्र, तेच पोलीस ठाण्यातही. धुकं इतकं की भिंत रंगवायचा खर्च वाचावा. एक काटकुळा चोर व्हायोलिनची पेटी घेऊन पळतोय, एक जाडा इन्स्पेक्टर मागे, आणि मध्ये एक गोरी बाई नाकाला रुमाल लावून उभी. आवाज शून्य. सलीमची भाचरंडं जांभया द्यायला लागली. वडिलांचे संवाद कोणाला धड आठवत नव्हते, आणि आजीसमोर म्हणायची हिंमतही नव्हती.

आणि आई सुरू झाली.

"हा इन्स्पेक्टर नव्हे रे. हा बायकोचा भाऊ. दर शुक्रवारी बरोबर जेवायच्या वेळेला उगवतो."

मी ओशाळून सलीमला हिंदीत सांगितलं. तो अरबीत सांगायला वळला आणि तोंड उघडं ठेवून तसाच थांबला. कारण तिकडे दाराजवळ त्याच्या आईचे खांदे हलायला लागले होते. त्याने अजून एक शब्दही सांगितला नव्हता!

"पेटीत मोती-बिती काही नाही," आई पुढे म्हणाली, "सुकवलेली मोरी आहे. त्या बाईला वास आलाय." आता आमचं घर असं की, मासा ताटात सोडा, गप्पांतही येत नाही. मोरी हा मासा असतो हे आईला कोणी सांगितलं असेल? मी विचारणार, तेवढ्यात सलीमची आई उठली, तरातरा येऊन आईला खेटून बसली, आणि तोंड ओढणीत लपवून हसली. मग ओढणी सोडून हसली. मग तर पोरं, सलीम, मी... कोण कशाला हसतंय ते कळेना. आई मराठीत सांगायची आणि ती बाई माझ्या भाषांतराच्या आधीच मांडीवर थाप मारायची.

"पापा का जोक है," सलीम माझ्या कानात पुटपुटला. "मामू वाला, मछली वाला... सब पापा का. तुम्हारी अम्मा को किसने बताया?"

कोणीच नाही. मी शपथेवर सांगतो.

फिल्म अर्ध्यात संपली, चादर पांढरी झाली. आई म्हणाली, "चोर इथेच बसलाय! आपापल्या चपला तपासा!" घरातली सगळी माणसं एकदम उठून जिन्याकडे धावली. दर ईदला सलीमचे वडील नेमकं हेच म्हणत, आणि सगळे नेमके असेच धावत. सलीमची आई सगळ्यांत पुढे. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची तिला गरज वाटत नव्हती. इतका आनंदी जिना मी आयुष्यात पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना मी गाडीत आईला विचारलं, "तुला हे सुचलं कुठून?"

"सुचलं काय? सलीमच्या शेजारून तो माणूस सांगत होता ना. तुम्ही कोणी हसेनात, मला वाटलं ऐकू जात नसेल, म्हणून मी मोठ्याने सांगितलं."

"सलीमच्या शेजारी कोणी नव्हतं आई. कोण होता? कसा दिसत होता?"

"मान वळवून कोण बघतंय? सिनेमा चालला होता!"

"कुठल्या भाषेत बोलत होता?"

आईने तोंडाशी नेलेला खजूर परत डब्यात ठेवला. म्हणाली, "हे काही माझ्या लक्षातच आलं नाही रे."

योगायोग म्हणावा तर इतके योगायोग एका संध्याकाळी? सलीमने आधी काही सांगितलं असेल म्हणावं, तर त्याला स्वतःलाच निम्मं आठवत नव्हतं. मी सगळ्या बाजूंनी विचार केला, मला उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर कळवा, आता टिंगल करणार नाही.

मस्कतला पोचायच्या आधीच सलीमचा फोन आला. स्पीकरवर टाकून मी त्याला आईचं म्हणणं सांगितलं. मग त्याने फक्त एवढंच विचारलं, "अम्मा... वो हँस रहा था?"

आई फोनकडे वाकून आपल्या हिंदीत म्हणाली, "बहुत! खुद के ही जोक पे. आधा तो उसके मारे सुनाईच नहीं दिया."

पलीकडे सलीमने ओरडून कोणाला तरी अरबीत सांगितलं. आणि मग दुरून, घराच्या आतून, त्याच्या आईचं खळखळून हसणं ऐकू आलं.