मिरचीचा ठसका

मिरच्या भाजल्याचा वास आला की मला मंठ्याला, गावच्या घरातून दिलेला तो इंटरव्ह्यू आठवतो. जर्मनीतल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीची ती शेवटची फेरी होती. रेंज फक्त खिडकीपाशी, म्हणून लॅपटॉप ज्वारीच्या कोठीवर ठेवून मी उभा होतो; वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. उत्तरं भराभर सुचत होती. तेवढ्यात शेजारच्या चाचींनी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या आणि मला असा ठसका लागला की शब्द फुटेना. खिडकीतून चाचींचा हात तांब्यासकट आत आला. "पहले पानी पी, बेटा. नौकरी कहाँ भाग रही?" पडद्यावरच्या जर्मन बाईंना मी खरं कारण सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "इथे असं कुणी पाणी आणून देणार नाही. चालेल?" मी लगेच "चालेल" म्हणालो. दाराआडून आईनं विचारलं, "काय म्हणून राह्यली ती?" "बोलावून राह्यली," म्हणताना मी पायजम्यावरच अंगणात उडी मारली. परवा इथे जर्मनीत स्वयंपाकघरात मिरच्या भाजताना तसाच ठसका लागला, आणि माझी नजर आधी खिडकीकडे गेली. मी चौथ्या मजल्यावर राहतो.